गाळणीला लावलेलं कुंकू

उस्तादांनी माझं मनगट धरलं आणि तळहात चालू इंजिनच्या हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी नेला. एअर फिल्टर काढून बाजूला ठेवलेला होता. हात नुसता जवळ गेला तर तळव्याची कातडी आत खेचली गेली आणि इंजिन गुदमरल्यासारखं घरघरलं. मी हात झटकन मागं घेतला.

"साहेब, डिझेल आपण मोजून पाजतो," उस्ताद म्हणाले. "हवा कोण मोजतं? तुमच्या घरातली एक खोली आहे ना, तेवढी हवा हे समोरचा चहा निवायच्या आत पिऊन टाकतं. आणि हवेबरोबर जे येईल तेही."

त्या वेळी मी चाळिशी ओलांडलेला होतो. पंधरा वर्षं गाडी चालवत होतो. बॉनेटखाली असं काही श्वास घेणारं बसलेलं आहे हे मला तोवर कळलं नव्हतं. नंतर कित्येक दिवस सिग्नलला थांबलो की आजूबाजूच्या गाड्या मला एकदम वेगळ्या वाटायच्या. सगळ्या मिळून स्वारगेटचा चौक ओढून घेतायत, असं काहीतरी.

उस्तादांचं गॅरेज स्वारगेटच्या मागच्या गल्लीत. त्यांचे आजोबाही याच शहरात बग्ग्यांची चाकं बसवायचे, त्यामुळे उस्तादांचं मराठी माझ्यापेक्षा चोख, आणि टोमणाही. कुणी घाई केली की म्हणायचे, "आपण बसा, मी इंजिनला विनंती करून पाहतो." रविवारी डोंगरात जीपगाड्या घालणारे आम्ही पाच जण, पाचही गाड्या त्यांच्याकडं.

त्यांची एक पद्धत होती. दुसऱ्या कुठल्याही गॅरेजात मी ती पाहिली नाही. कच्च्या रस्त्याला जायच्या आधी ते फिल्टरच्या पुढची नळी उघडायचे, म्हणजे जिथं गाळून झालेली स्वच्छ हवा इंजिनकडं जाते ती, आणि आतून ग्रीसचा पातळ हात द्यायचे. "परत आलात की नळी उघडा, आत बोट फिरवा, आणि ते बोट मला आणून दाखवा." फिल्टरमधून धूळ निसटत असेल तर ती ग्रीसला चिकटते. बोट स्वच्छ तर फिल्टर ठीक. बोट कचकचलं तर गाडी तिथंच ठेवून रिक्षानं घरी जायचं.

रविवारी संध्याकाळी एक बोट वर धरून गाडी चालवत आम्ही शहरात शिरायचो. एकदा एका वाहतूक पोलिसानं काच खाली करायला लावून विचारलं होतं, "मतदान करून आलात का?"

आता फिल्टरचं. आमच्या पाचांत वाचणारा, माहिती काढणारा मी. धुऊन पुन्हा वापरायच्या फिल्टरचं खूळ मीच आणलं. सुती कापडाच्या बारीक घड्या, दोन्ही बाजूंनी तारेची जाळी, आणि कापडाला एक लाल चिकट तेल. धूळ त्या तेलात अडकते. मळला की धुवायचा, वाळवायचा, पुन्हा तेल द्यायचं, वर्षानुवर्षं चालतो. साधा फिल्टर कागदाचा, मळला की फेकून द्यायचा.

माझा कॉलेजपासूनचा मित्र, वारज्याला राहणारा, म्हणाला, "कागद काय वाईट आहे?"

"अरे, कागद म्हणजे पत्रावळ. ही जाळी म्हणजे घरातलं ताट."

"ताट घासावं लागतं रे."

"मी घासतो ना. तू फक्त जेव."

सगळे हसले. पाच जाळ्या आल्या आणि त्या धुवायचं काम मी मिरवत अंगावर घेतलं. मला ते आवडायचं, हे खरं आहे. धुऊन झालेली जाळी गॅलरीत उन्हासमोर धरली की प्रत्येक घडीतून प्रकाश झिरपायचा, आणि कुठंही, म्हणजे कुठंही, एक भोक दिसायचं नाही. प्रकाश येतो, हवा येते, धूळ येत नाही. मी तशीच धरून उभा राहायचो. बायको म्हणायची, "अहो, एक्स-रे बघून झाला असेल तर बादली मोकळी करा."

मित्राची जीप त्याच्या वडिलांची. वडील गेल्यावर ती चार वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मग उस्तादांनी तिचं इंजिन उतरवलं, सुटं केलं, पुन्हा बांधलं. दीड महिना लागला. काम चालू असताना त्यांनी आम्हा दोघांना बोलावून सिलिंडरच्या आतली भिंत दाखवली होती. तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा होत्या, उभ्या-आडव्या धाग्यांच्या विणीसारख्या. "या रेघांत तेल राहतं. रेघा आहेत तोवर इंजिन आहे," उस्ताद म्हणाले. लोखंडावर इतकं नाजूक काही काढता येतं हे पाहून मित्र आणि मी, पन्नाशीला टेकलेली दोन माणसं, त्या भोकात आळीपाळीनं टॉर्च मारत बसलो होतो. मित्र हळूच म्हणाला होता, "बाबांना दाखवायला पाहिजे होतं."

हे मी आवर्जून लिहितोय. मी काय घालवलं ते कळावं म्हणून.

इंजिन रुळल्यावर तिची पहिली मोठी फेरी ठरली, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दिवे घाटाच्या वरच्या पठारावर. शनिवारी सकाळी मी जाळ्या धुतल्या. तीन नीट झाल्या. चौथीला, माझ्या स्वतःच्या, तेल देताना बाटली संपली. पाचवी मित्राची होती, धुऊन कोरडी, पांढरीफटक. नवी बाटली सोमवारी येणार होती.

एक फोन पुरला असता. मित्राचा जुना कागदी फिल्टर माझ्याच डिकीत पडला होता. "अरे, तेल संपलं, उद्याच्यापुरता कागद लाव." एवढंच. पण महिनाभर पत्रावळीची थट्टा मीच केली होती. आणि माझ्या जाळीला तेल आधी, त्याच्या जाळीला नंतर, हेही सांगावं लागलं असतं.

बायकोच्या शिवणयंत्राच्या खणात तेलाची छोटी कुपी असते. तेल ते तेल, असं मी स्वतःला सांगितलं. घडीघडीत सोडलं. पण ते तेल पाण्यासारखं, बिनरंगाचं. जाळी पांढरीच दिसत होती, आणि तेल दिलेली जाळी लाल दिसते हे मित्राला मीच शिकवलं होतं. मग मी देवघरात गेलो, कोयरीतलं चिमूटभर कुंकू आणलं, उरलेल्या तेलात कालवलं आणि ब्रशनं घड्यांवर फिरवलं.

जाळी सुरेख लाल झाली.

"अहो, माझं मशीनचं तेल कुठं गेलं?" बायकोनं दुपारी विचारलं.

"सांडलं," मी म्हणालो. त्या प्रकरणातलं माझं हे पहिलं खोटं. फार सहज निघालं.

त्या दिवशीचं पठार मी विसरणार नाही. पाऊस जाऊन चार महिने झालेले. मातीचं पीठ झालेलं, पाय ठेवला की घोट्यापर्यंत गिळायचं. पाच गाड्या ओळीनं निघाल्या आणि मागच्या चार दिसेनाशा झाल्या. सूर्य वर आला तसा तो सगळा लोट आतून पेटल्यासारखा सोनेरी झाला. माणसं, गाड्या, बाभळी, काही नाही, नुसता उजेड तरंगतोय. मित्र सर्वांत शेवटी होता, नवं इंजिन म्हणून हळू, म्हणजे आम्हा चौघांची धूळ त्याच्या वाट्याला. पहिल्या थांब्याला तो त्या सोन्यातून बाहेर आला तेव्हा त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. आनंदानं त्याचा आवाज फाटला होता. "अरे, काय ओढतेय बघ! बाबा असते तर!"

जेवायला झाडाखाली थांबलो तेव्हा मी म्हणालो, "तू जेव, तुझी नळी मी बघतो."

नळी उघडली. बोट फिरवलं. ग्रीस तपकिरी झालं होतं आणि बोटांत रव्यासारखं कचकचत होतं.

कागदी फिल्टर माझ्या डिकीत, दहा पावलांवर. मी तो आणला असता तर मित्रानं "का?" विचारलं असतं. मी खिशातून रुमाल काढला, नळी आतून पुसली, नवं ग्रीस लावलं, नळी बसवली. रुमाल दगडाखाली टाकला. माझं दुसरं बोट ग्रीसच्या डबीत बुडवून त्याच्यासमोर धरलं.

"चकाचक."

"मग उस्तादांना तूच कळवून टाक ना, म्हणजे संध्याकाळी स्वारगेटला जायला नको. आई वाट बघत असेल."

मी तिथूनच फोन लावला. उस्ताद म्हणाले, "बोट तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"हो."

"मग झालं."

पुढं दोन महिने तो ती गाडी तशीच चालवत होता. जाळी बदलायची संधी मला मिळाली नाही असं नाही. एकदा तो परगावी गेला तेव्हा जीप दोन दिवस हडपसरला आमच्याच सोसायटीत उभी होती. मी जिन्यावरून उतरायचो, तिच्याकडं बघायचो, आणि वर जायचो. फिल्टरचा डबा उघडला तर आत काय आहे ते बघावं लागणार होतं.

एप्रिलमध्ये ती निळा धूर ओकायला लागली. तेल पिऊ लागली. उस्तादांनी इंजिन उघडलं त्या सकाळी आम्ही दोघंही होतो. मित्रानं टॉर्च मारला. भिंतीवरच्या त्या रेघा नव्हत्या. भिंत आरशासारखी लख्ख, गुळगुळीत.

"किती सुंदर दिसतंय," मित्र म्हणाला. त्याला कळलं नव्हतं. मग त्यानं उस्तादांचा चेहरा पाहिला. "म्हणजे? दोन महिन्यांत? उस्ताद, बांधलं तर तुम्हीच होतं ना?"

उस्तादांनी फिल्टरचा डबा उघडला, जाळी काढली, दारात जाऊन उन्हासमोर धरली. मग नाकाजवळ नेली. एका घडीत नख घालून आतलं लाल काहीतरी बोटांवर चोळलं. आणि माझ्याकडं पाहिलं.

भिंतीवर टायरच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. मी ते वाचायला लागलो. चतुर्थी कधी आहे ते पाहिलं.

"मी बांधलं होतं," उस्ताद म्हणाले. "माझी जबाबदारी. पुन्हा बांधून देतो."

"नको," मित्र म्हणाला. वडिलांच्या गाडीच्या बाबतीत तो तसाच होता. जीप टेम्पोवर चढवून दुसरीकडं नेली आणि त्या रात्री जीपवाल्यांच्या मोठ्या ग्रुपवर त्यानं एकच ओळ लिहिली: "स्वारगेटच्या उस्तादांचा हात आता थरथरतो, आपापलं बघा." मी ती वाचली. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मी काहीच टाकलं नाही. गप्प राहणं हा माझा स्वभाव आहे असं सगळे मानतात.

पाच गाड्या गेल्या. मग ओळखीनं येणाऱ्याही गेल्या. मीसुद्धा माझी गाडी दुसरीकडं न्यायला लागलो. त्यांच्यासमोर उभं राहवत नव्हतं.

तीन वर्षं झाली. यंदा जानेवारीत ग्रुपवर एका नव्या मुलीनं विचारलं, "डोंगरात जायला धुऊन वापरायचा फिल्टर घ्यावा का? फायदा आहे का?" आणि तिघाचौघांनी माझं नाव टाकलं. त्यांना विचार, त्यांचा यात हातखंडा. मी उत्तर लिहायला घेतलं. चार ओळी लिहिल्या, खोडल्या. पुन्हा लिहिल्या. मग चप्पल घातली आणि स्वारगेटची बस पकडली.

ज्या जागी पाच जीप उभ्या राहायच्या तिथं दोन रिक्षा आणि स्कूटरच्या ट्यूब पडल्या होत्या. उस्ताद स्टुलावर बसून रिक्षाचा ब्रेक आवळत होते. हात अजिबात थरथरत नव्हता. मी कुंकू लावलेली ती जाळी मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती.

"बसा. बराच वेळ लागला," ते म्हणाले.

मी सांगायला लागलो. तेल संपलं इथून. ते मधेच थांबवून म्हणाले, "शिवणाच्या मशीनचं. माहीत आहे. माझी आई रविवार पेठेतल्या दुकानांचे परकर शिवायची, साहेब. त्या वासात मी लहानाचा मोठा झालो." जाळी काढून त्यांनी मांडीवर घेतली. "कुंकू पाहून आधी वाटलं, गाडीची पूजा केली असेल. पण पूजेचं बाहेर लावतात. घड्यांच्या आत नाही."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुमच्याकडं पाहिलं होतं मी. आपण पंचांग बघत होतात." त्यांनी जाळी उलटी करून पाहिली. "आणि माझीही चूक होतीच. बोट डोळ्यांनी बघायचं हा नियम माझा. त्या दिवशी फोनवर मानलं. फोनवर बोट दिसत नाही. ग्रीस मी लावलं, बघितलं नाही, म्हणजे मी काम अर्धं केलं. त्याला तसं सांगणार होतो. तोवर त्यानं टेम्पो बोलावला."

माझ्या सगळ्या खोट्यांपुढं आणि तीन वर्षांच्या गप्प बसण्यापुढं ह्या माणसानं स्वतःचा एक फोन ठेवला होता, आणि तोच त्याला जड वाटत होता. तळहाताला लागलेल्या त्या ओढीनं जसा मी चकित झालो होतो तसाच तिथं स्टुलासमोर बसलेला चकित झालो. माणसाच्या आतही असं काही बसलेलं असतं.

"पण माझी दया येऊ देऊ नका," ते म्हणाले. "तुमच्यासाठी गप्प बसलो नाही मी. दोस्त दोस्ताला सांगेल म्हणून महिनाभर थांबलो. मग फार राग आला. मग कामं गेली, तसा रागही गेला."

मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी पाना हातात घेतला. "ती इथं नको. गाडी ज्याच्या वडिलांची, त्याच्याकडं जा."

उठताना मी जाळीकडं बोट दाखवून विचारलं, "हिच्यात दोष काहीच नव्हता ना?"

"हिच्यात? हिला अजून धुऊन, पूर्ण दिवस सावलीत वाळवून, तिचंच तेल तिला दिलं, घड्यांत मुरू दिलं, तर तुमची माझी गाडी जाईल तोवर चालेल. रोज मातीत जाणाऱ्यानं, हाताला सबुरी असणाऱ्यानं जरूर घ्यावी. तुम्ही लोक महिन्यातून एकदा डोंगरात जाता आणि शनिवारी घाईत असता. तुम्हाला कागद बरा. एक लावलेला, एक डिकीत. मळला की फेका. कागद खोटं बोलत नाही, मळला की काळा दिसतो."

वारज्याला मी त्याच संध्याकाळी गेलो. मित्रानं सगळं ऐकलं. नळी पुसल्याचं, रुमालाचं, सोसायटीत उभ्या गाडीचंसुद्धा. शेवटी एकच विचारलं.

"कुंकू कशाला?"

"तुला तेल दिलेलं दिसावं म्हणून."

तो उठून आत गेला. मी बराच वेळ बाहेर बसलो. मग त्याची आई येऊन म्हणाली, "तो झोपलाय म्हणतो. तू जा बाळ आता." साडेसात वाजले होते.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "सांडलं म्हणाला होतात," आणि एवढंच. मग ग्रुपवर त्या मुलीच्या प्रश्नाखाली उत्तर लिहिलं, कागद की जाळी ते उस्तादांच्या शब्दांत, आणि तीन वर्षांपूर्वी कुणाचा हात थरथरला होता ते माझ्या शब्दांत. दुसऱ्या दिवशी त्याखाली मित्राची ओळ आली: "उस्तादांबद्दल मी लिहिलं ते चूक होतं. त्यांना भेटून आलो." माझ्याबद्दल काही नाही. फोन मी चार वेळा केला. उचलला नाही.

मार्च संपत आला तेव्हा एका रविवारी, चारच्या सुमाराला, खाली जीपचा हॉर्न वाजला. तो आवाज मी कुठंही ओळखेन. पाठोपाठ दाराची बेल. दारात मित्र उभा होता. पापण्या पांढऱ्या, शर्ट मातीचा, आणि उजव्या हाताचं एक बोट वर धरलेलं. दिवे घाटातून उतरला की स्वारगेटच्या आधी हडपसर लागतं.

त्यानं ते बोट माझ्यासमोर धरलं.

मी चष्मा वर केला आणि वाकून पाहिलं. ग्रीस पारदर्शक होतं, पाण्याच्या थेंबासारखं. खालच्या बोटाच्या रेघा मोजता आल्या असत्या. अख्खा दिवस ते इंजिन त्या धुरळ्यातून श्वास घेत आलं होतं, आणि त्यातला एक कण, एकही कण, पुढं गेला नव्हता. मी बघतच राहिलो आणि त्यानं बोट मागं घेतलं नाही. मला पुरेसं बघू दिलं.

"कागद?" मी विचारलं.

"कागद."

बायको मागून आली. "अहो भावजी, आत या ना, चहा टाकते."

"नको वहिनी. उस्ताद थांबलेत. त्यांना बोट दाखवायचंय." तो जिन्याकडं वळला, दोन पायऱ्या उतरला, थांबला. मागं न बघता म्हणाला, "वाटेत पुसलं जाईल. तू चालव."

मी चप्पल घातली आणि किल्लीसाठी हात पुढं करत त्याच्यामागं उतरलो.